चौथ्या पाण्यातला फ्रॉक

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी एवढी गर्दी होती, की उशिरा आलेल्यांना खुर्ची मिळाली नाही आणि लवकर आलेल्यांना हवा. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. दारातला स्वयंसेवक पांढरे कपडे घालून आलेल्यांना परत पाठवत होता.

"पांढरा रंग किरण पितो," तो सांगे. "गुरुजींच्या दृष्टीला बाधा येते."

मी माझ्या लग्नातला काळा कोट घालून गेलो होतो. त्या कोटाने मला आयुष्यात दुसऱ्यांदा अडचणीत आणलं.

मंचावर प्रकाशगुरू उभे होते. जुन्या पद्धतीच्या चमत्कारांना आता गिऱ्हाईक राहिलं नाही, हे ओळखून ते विज्ञानाकडे वळले होते.

"तुमच्या कातडीवर कोट्यवधी जंतू राहतात!" ते गरजले. "हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतं!"

हे खरंच होतं. पण विज्ञान बिचारं एवढं म्हणून थांबलं होतं. पुढचं सगळं गुरुजीच म्हणत होते. काही जंतू सात्त्विक असतात, काही दुष्ट. दुष्ट जंतूंना प्रकाश सोसत नाही, म्हणून ते दिव्याखाली संतापाने पेटतात.

बेकरीवाल्याची लहान मुलगी पुढे आली. तिला काळ्या चादरीत गुंडाळून फक्त हात बाहेर ठेवले. दिवे मालवले आणि गुरुजींनी हातातला जांभळा दिवा पेटवला. पोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला निळसर पांढरे ठिपके लखलखले. हॉलभर "अगं बाई!" झालं. गुरुजींनी सात्त्विक जंतूंच्या 'मित्रजला'त भिजवलेला कपडा फिरवला. ठिपके गायब! टाळ्या पडल्या.

"सात रविवार," गुरुजी म्हणाले. "आठव्याला कातडी आरशासारखी."

आमच्या इमारतीतली खारू पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर बसली होती. सहा वर्षांची पोर. दोन्ही हात सतत कुठे ना कुठे खाजवण्यात गुंतलेले, म्हणून खारूताई, आणि त्याची खारू. तिचा हा चौथा रविवार होता. शेजारी तिचे आजोबा उभे होते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची लाँड्री आहे. माझा काळा कोट त्यांनीच इस्त्री करून दिला होता, तोही मोठ्या नाखुशीने.

खारूला इसब तान्ही असल्यापासून. गुडघ्यांमागे, कोपरांत, मानेवर. डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं ते तिची आई नेमाने करी: थोडक्यात आंघोळ, कोमट पाणी, ओल्या अंगावरच साधं मलम भरपूर, आणि लाल झालेल्या जागी औषधी मलम सांगितलेले दिवस. चांगलं चाललं होतं. मग हवा कोरडी झाली आणि सगळं पुन्हा उसळलं. आई दिवसभर चपलांच्या दुकानात उभी राहायची आणि रात्री पोरीचे हात धरून बसायची.

"हे जाईल कधी?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं होतं.

"कमी-जास्त होत राहील. बऱ्याच मुलांचं वाढत्या वयात खूप कमी होतं. तोवर आटोक्यात ठेवायचं."

हे उत्तर प्रामाणिक होतं. पण दमलेल्या माणसाला प्रामाणिक उत्तराला टेकून झोपता येत नाही. 'सात रविवार' या शब्दांना टेकून झोपता येतं.

नाव नोंदवतानाच गुरुजींच्या टेबलावरून 'कवच' नावाच्या पावडरचं सीलबंद पाकीट मिळे. मुलाचे कपडे त्यात भिजवायचे, पिळायचे आणि तसेच वाळत घालायचे. साध्या पाण्यातून काढायचे नाहीत, कारण कवच धुऊन जातं. तीन दिवस तेच कपडे घालून मग दिव्याखाली यायचं. पहिल्या रविवारी खारूच्या अंगावर जिथे मलम लावलं होतं, नेमक्या त्याच जागा सगळ्यांत जास्त चमकल्या.

"बघा, ताई! मलम म्हणजे जंतूंचं पंचपक्वान्न!"

त्याच दिवशी मलम बंद झालं.

दुसऱ्या आठवड्यात खाज वाढली. गुरुजी म्हणाले, जंतू चवताळलेत. तिसऱ्या आठवड्यात कातडी फुटून पाणी येऊ लागलं. गुरुजी म्हणाले, विष बाहेर पडतंय. या माणसाकडे प्रत्येक वाईट गोष्टीसाठी एक चांगली बातमी तयार असे. चौथ्या आठवड्यात त्या पाण्याच्या मधाच्या रंगाच्या खपल्या झाल्या. पोर जेवेना.

लाँड्रीत बापलेकीची रोज जुंपू लागली. मी कपडे द्यायच्या निमित्ताने ऐकत असे.

"अगं, न खळबळलेला कपडा दोरीवर घालायचा? हात लाव याला. पापडासारखा कडक झालाय."

"बाबा, ते कवच आहे."

"चाळीस वर्षं मी हे कवच लोकांच्या कपड्यांतून काढतोय!"

"तुम्हाला नातीपेक्षा कपड्यांची काळजी जास्त."

यावर आजोबांनी इस्त्री जरा जोरात आपटली.

त्या आठवड्यात आईला दुकानात जादा काम आलं आणि खारूचे कपडे आजोबांच्या वाट्याला आले. त्यांना ना गुरुजी उघडे पाडायचे होते, ना काही सिद्ध करायचं होतं. त्यांच्याने बघवलं नाही, एवढंच. लेकीला न सांगता त्यांनी सगळे फ्रॉक चार चार पाण्यांतून काढले. रविवारी निघता निघता एक राहिलेला फ्रॉक त्याच पावडरमध्ये भिजत टाकला, आणि हाका सुरू झाल्या म्हणून हात तसेच पँटला पुसून आले.

खारूचा नंबर लागला. काळी चादर. अंधार. दिवा तिच्या हातांवर फिरला.

काहीच नाही. कोपरात नाही, मनगटावर नाही, तळव्यावर नाही.

गुरुजी क्षणभर थबकले. पण अनुभवी माणूस. "शुद्ध!" ते ओरडले. "चौथ्याच रविवारी! मुलगी संपूर्ण शुद्ध झाली!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. आई रडायला लागली. नातीला धरायला आजोबा पुढे झाले आणि त्यांचे हात दिव्याखाली आले.

ते दोन्ही हात लखलखत होते. बोटांच्या भेगा, नखांच्या कडा, तळवे. आणि मनगटाच्या वर चार बोटांवर ती चमक एकदम थांबत होती, सरळ रेघेत.

"विष आजोबांत उतरलं!" गुरुजींनी लगेच जाहीर केलं. "नातीसाठी आजोबांनी घेतलं! केवढं हे प्रेम!"

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आजोबा मात्र हात उलटसुलट करून त्या रेघेकडे बघत होते.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "ही रेघ माझ्या ओळखीची आहे. माझ्या बादलीत पाणी इथपर्यंत येतं."

"आजोबा, श्रद्धा—"

"श्रद्धा नाही, बादली. सकाळी तुमच्या पावडरमध्ये हात घातले होते. आणि पोरीचे फ्रॉक मी चार पाण्यांतून काढलेत. आठवडाभर तिच्या अंगाला तुमचं कवच लागलेलंच नाही."

अंधारात कुजबुज सुरू झाली. बेकरीवाला उठला, टेबलावरचं एक पाकीट त्याने टरकन फाडलं आणि मूठभर पावडर दिव्याखाली धरली. त्याची मूठ ट्यूबलाइटसारखी उजळली.

"ती... ती पावडर जंतूंना पकडते, म्हणून चमकते," गुरुजी म्हणाले.

"सीलबंद पाकिटात कुठले जंतू पकडले हो?" बेकरीवाला म्हणाला.

मी भिंतीवरची बटणं चाचपून दिवे लावले. उजेडात सगळ्यांना पहिल्यांदा खारू दिसली. हातांवर पिवळ्या खपल्या, गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले.

"ही शुद्ध झाली ना?" आजोबांचा आवाज फाटला. "मग लावा हात! तव्यासारखी तापलीय पोर!"

गुरुजींनी हात लावला नाही. आईने लावला. तिने लेकीला काळ्या चादरीसकट उचललं आणि कोणाशी एक शब्द न बोलता जिना उतरली.

पाच दिवस खारू दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस ताप हटेना, आणि त्या दोन दिवसांत तिची आई पाणीसुद्धा सांगितल्याशिवाय प्यायली नाही.

डॉक्टरबाईंनी मग आम्हाला सगळं समजावलं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या बऱ्याच पावडरींत एक पदार्थ घालतात. दुकानात नोटा तपासायला असतो, तसल्या जांभळ्या दिव्याखाली तो चमकतो. पावडर चिकट जागी जास्त बसते, म्हणून मलमाच्या जागा उजळायच्या. ओल्या कपड्याने पुसली की गेली. पांढऱ्या कपड्यांना बंदी का, तर तेही तसेच चमकले असते. आणि न खळबळलेल्या कपड्यातली हीच पावडर इसब असलेल्या कातडीला दिवसरात्र टोचते.

"म्हणजे जंतू नव्हतेच?" मी विचारलं.

"होते ना. तुमच्याही अंगावर आहेत. पण हिच्या कातडीला फटी असतात, तिथे एका जातीचे जंतू माजतात. मलमाने फटी बुजतात, औषधाने सूज उतरते, मग ते आपोआप कमी होतात. मलम थांबलं, फटी वाढल्या, जंतू आत शिरले. आता त्यांच्यासाठी वेगळं औषध द्यावं लागलं."

बेकरीवाल्याची बायको दारात उभी होती. "पण आमच्या मुलीला मधे बरं वाटलं होतं हो."

"वाटणारच. हा आजार स्वतःच चढतो-उतरतो. उतरताना जो शेजारी उभा असतो, तो श्रेय घेऊन जातो."

खारूने पलंगावरून विचारलं, "माझे जंतू त्या दिव्यात दिसत का नाहीत?"

"काही जातींचे थोडेसे दिसतात. तुझे नाही दिसत. त्यांना हॉल भरवायचा नसतो."

पुढच्या रविवारी प्रकाशगुरू दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये गेले असणार. दिवा हातात मावतो आणि काळे पडदे सगळीकडे मिळतात. म्हणून एवढंच सांगतो: तुमच्या मुलाच्या अंगावर कोणी दिवा धरला, तर आधी तो त्याच्या पाकिटातल्या पावडरीवर धरायला लावा. त्याला राग आला, तर उत्तर मिळालं. आणि चालू औषध बंद करायचं असेल, तर ते ज्यांनी दिलं त्यांना विचारल्याशिवाय करू नका. तुमची चूक तुमच्या अंगावर उमटत नाही, पोराच्या उमटते.

खारू घरी आली त्या संध्याकाळी मी कपडे आणायला लाँड्रीत गेलो. तिची आई बादलीपाशी बसून फ्रॉक खळबळत होती. मी आत शिरल्याचंही तिला कळलं नाही.

"मीच घालत होते तिला तो," ती आजोबांना म्हणाली. "रोज. बटणं लावून."

आजोबांनी इस्त्री उभी करून ठेवली. बादलीतलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन त्यांनी बल्बसमोर धरलं.

"बाबा, अजून एक पाणी काढू?"

"नको. हे सातवं आहे." त्यांनी फ्रॉक तिच्या हातातून हलकेच काढून घेतला. "वर जा आता. तिच्या मलमाची वेळ झाली."