एकेकाचा फोटो

महादेवप्पा कलशेट्टीनं सोलापुरात साखर पेठेत फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ सिद्धप्पा अक्कलकोटहून नारळ फोडायला आला होता. नारळ फोडता फोडताच तो म्हणाला होता, "चाललं तर बरंच हाय. न्हायतर आपलं भुसाराचं दुकान हायच की."

लग्नसराईत स्टुडिओ चालायचा. बाकीचे दिवस महादेवप्पा खुर्चीवर बसून कॅमेऱ्याची भिंगं पुसायचा. चौथ्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर, त्याच्या मनात एक कल्पना आली. शाळेत वर्षाकाठी एक ग्रुप फोटो निघतो, त्यात मागच्या रांगेतल्या पोराचं नुसतं कपाळ दिसतं. त्यापेक्षा प्रत्येक पोराचा वेगळा फोटो काढला तर? शाळेत पोरं काय कमी आहेत? प्रत्येकानं एक घेतला तरी वर्षभराची चूल पेटेल. पेठेमागच्या शाळेचे मुख्याध्यापक येमूल सर भला माणूस. त्यांनी परवानगी दिली.

डिसेंबरात महादेवप्पानं मोठ्या हौसेनं फोटो काढले. चांगल्या कागदावर मोठे प्रिंट केले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवले आणि शाळेत पोहोचवले. आठवड्यानं त्यातले निम्म्याहून जास्त परत आले. वर्गशिक्षकांनी सुतळीनं बांधून गठ्ठे दिले होते.

ते गठ्ठे स्टुडिओमागच्या घरात खाटेखाली पडून राहिले. महादेवप्पा त्यांच्याकडे बघतही नसे. एक दिवस जेवताना म्हणाला, "उन्हाळा झाला की अक्कलकोटला जाऊ. दादाला तसं कळवतो."

त्याची बायको गौरम्मा भाकरी वाढत राहिली. तिला अक्कलकोट नको होतं असं नाही, तिचं माहेरही तिकडचंच. पण तराजूमागं बसलेला नवरा तिच्या डोळ्यांपुढं येईना.

दुसऱ्या दिवशी शेजारची नरसम्मा पाणी भरून जाता जाता दारात टेकली. तिचा नवरा मागावर काम करायचा, घरात तेलुगू बोलायचे. तिची राजमणी त्याच शाळेत दुसरीत होती. गौरम्मानं धीर करून विचारलं, "नरसक्का, तुमी बी फोटो परत दिला का? महाग वाटला?"

नरसम्मा ओशाळली. "पैशाचं नाही अक्का. नवरा म्हणला, घे. पण ती माझी राजमणी नाहीच. माझी अशी नसते."

ती गेल्यावर गौरम्मानं गठ्ठे बाहेर ओढले आणि उजेडात एकेक फोटो पाहिला. मान ताठ, हात मांड्यांना चिकटलेले, डोळे वटारलेले. सगळी पोरं एकाच पोराची भावंडं वाटत होती. राजमणीला तर तिनं फ्रॉकवरून ओळखलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, "फोटो काढताना तुमी पोरांस्नी काय म्हणता?"

"काय म्हणायचं? हलू नको म्हणतो. हललं की फोटो गेला."

"आन् मास्तर कुटं असतात?"

"माझ्या मागं. छडी घेऊन. न्हायतर पोरं ऐकत्यात व्हय?"

"मग पोरगं छडीकडं बघतंय की. फोटोत तीच भीती उतरली."

महादेवप्पा चिडला. उजेड, अंतर, फोकस, सगळं तो तिला सांगू लागला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोटो सगळे लख्ख आलेत. तुमचं काय चुकलं न्हाय. पर पोरं कुटं हायत त्यात? एकदा मला संगट न्या. न्हाय जमलं तर मी सोता गाठोडं बांधते."

लग्नसराईसाठी आणून ठेवलेले रोल कपाटात होते. ते यात घालवायचे म्हणजे जुगारच होता. महादेवप्पा दोन दिवस रोल मोजत बसला आणि तिसऱ्या दिवशी रोल पिशवीत भरून म्हणाला, "चल."

येमूल सर आधी तयार होईनात. "गठ्ठे गोळा करून आमचे शिक्षक वैतागलेत हो," ते म्हणाले.

"सर, या वेळी शाळेत पैशाचं काम न्हाय," गौरम्मा म्हणाली. "लहानगा फोटो पोरासंगं घरी देऊ, फुकट. आईबापाला आवडला तर त्यांनी स्टुडिओत यावं, मोठा करून देऊ. न्हाय आवडला तर आमचं नशीब. फकस्त मास्तरांनी वर्गात बसावं."

सर हसले. "ते शिक्षकांना आवडेल."

फेब्रुवारीतल्या सकाळी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली स्टूल मांडलं. पहिला मुलगा आला आणि आपोआप ताठ झाला. गौरम्मा कॅमेऱ्याशेजारी उकिडवी बसली. "ऊटा आयतेन?" तिनं कानडीत जेवण झालं का विचारलं. पोरगा दचकला. शाळेत घरची बोली ऐकायची त्याला सवय नव्हती. मग त्याच्या आईनं सकाळी भाकरी कशी करपवली ते तो सांगू लागला, हातवारे करून.

"आता!" गौरम्मा म्हणाली. महादेवप्पानं बटण दाबलं, तोवर पोरगं मान वळवून पळून गेलं.

"गेला की फोटो!" तो ओरडला.

पहिले काही फोटो असेच वाया गेले. पण तो कसबी माणूस होता. पोरगं बोलायला लागलं की कधी दम घेतं, कधी हसू ओठांवर येऊन थांबतं, ते त्याला हळूहळू उमगलं. मग गौरम्माला "आता" म्हणावं लागेना. ती मुसलमानांच्या पोरांशी दखनीत बोले, "क्या खाए रे?" तेलुगू तिला नरसम्माकडून येत होतं तेवढं पुरलं. पुढचे दोन दात पडलेला एक जण तर इतका हसला की स्टुलावरून घसरला.

राजमणी आली. ही काही हसेना. वेणीचं टोक तोंडात धरून कपाळाला आठी घालून बसली.

"हिला हसव की," महादेवप्पा कुजबुजला.

"नको. ती घरी बी अशीच बसती. काढा."

निगेटिव्हच्याच मापाचे चिमुकले फोटो पोरांबरोबर घरोघरी गेले. पहिल्या दिवशी स्टुडिओत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महादेवप्पा रस्त्याकडं पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला, "सरांनी दोघांनाबी लगेच बोलावलंय. पालक आल्यात."

गौरम्मा पदर खोचत निघाली. पोरांना घरच्या जेवणाचं विचारलेलं कुणाला खुपलं असेल का? की राजमणीचा रुसका फोटो नडला? 

शाळेच्या फाटकाशी बायकांचा घोळका होता. काहींच्या काखेत पोरं, काही कामावरून तशाच आलेल्या. महादेवप्पा मागंच थांबला. तेवढ्यात राजमणीला सोडायला आलेली नरसम्मा घोळक्यातून पुढं आली. हातात तो चिमुकला फोटो होता, कडा मऊ झालेल्या. "अक्का, ही माझी!" ती म्हणाली. "वेणी खाते बघ! मला मोठा पाहिजे. दोन पाहिजेत. एक गावाला, माझ्या आईला."

मग सगळ्याच बोलू लागल्या. येमूल सर व्हरांड्यातून खाली आले. "अहो, स्टुडिओ कुठं ते बहुतेकींना ठाऊक नाही, सगळ्या इथंच येतायत. मला शाळा चालवू द्या. यांना तुमच्याकडं घेऊन जा."

महादेवप्पा फाटकाला टेकला. त्यानं टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली, पुन्हा काढली. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून घ्यावा तसं त्याला झालं. गौरम्माला एकाएकी रडू आलं आणि त्याच वेळी हसूही. तिनं पदर तोंडाला लावला.

महादेवप्पानं कळवलं होतं म्हणून सिद्धप्पा पुढच्या सोमवारी आला, उन्हाळ्यानंतर हलवायच्या सामानाचा अंदाज घ्यायला. स्टुडिओत बसायला जागा नव्हती म्हणून उभाच राहिला. "ह्या धंद्यात सुटतं का खरंच?" त्यानं विचारलं.

"लई न्हाय," महादेवप्पा म्हणाला. "कागद वाया जात न्हाय आता, ज्याला हवा त्याचाच मोठा करतो. दोघांचं भागून थोडं उरतं. आन् पुढच्या महिन्यात मुलींच्या शाळेनं बोलावलंय. मला न्हाय, हिला. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, बाई असल तर या."

सिद्धप्पानं भावजयीकडं पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. त्यालाही मनातून भाऊ दुकानात नकोच होता बहुतेक, त्याची दोन पोरं आता गल्ल्यावर बसण्याजोगी झाली होती.

तो गेल्यावर गौरम्मानं धुतलेले फोटो अंगणात दोरीवर चिमट्यांनी लावले. महादेवप्पा आत खाटेवर जरा पाठ टेकायला गेला, आणि कित्येक महिन्यांनी भर दुपारी गाढ झोपला. गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं त्याला उठवलं नाही. इतके दिवस कॅमेऱ्याशेजारी बसून तो कसा चालवायचा ते तिलाही कळलं होतं. "बसा," ती म्हणाली, "मीच काढते."