बांधावरच्या तिळाचं कूळ

मित्रांनो, एका जागी स्वस्थ राहणं मला कधी जमलंच नाही. मी सोलापुरातल्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंग पितळेचं, पाय काळा, आणि नळी वरखाली करायचा स्क्रू पार झिजलेला. चित्र स्वच्छ दिसायला लागलं, की नळी केसभर खाली घसरते आणि समोरचं सगळं धुकं होऊन जातं. मुलं वैतागायची. "ह्याला पिसवा चावतात काय रे," म्हणायची. मला वाईट वाटायचं. पण खोटं कशाला बोलू, मला खरंच चैन पडत नसे.

मी कुठं घडलो ते आठवत नाही. लाकडी पेटी, अंगाभोवती भुसा आणि आगगाडीचे धक्के, एवढंच आठवतं. पहिली काही वर्षं माझं कोण कौतुक होतं! दसऱ्याला मला झेंडूची फुलं वाहायचे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघायला पोरांची रांग लागायची. पुढे नवी यंत्रं आली आणि मी खिडकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. गिरणीचे भोंगे मोजायचे आणि अंगावर धूळ घ्यायची, हेच काम.

तिथून मला उचललं नीलम्मानं. ती अक्कलकोटकडची, नुकतीच शिकवायला लागलेली. तिनं मला पुसलं, सोलापुरी चादरीच्या तुकड्याची खोळ शिवली, आणि डाव्या हाताचा अंगठा माझ्या स्क्रूला टेकवून बघितला. नळी थांबली! इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. माझी खोड तिनं मोडली नाही, नुसता आधार दिला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. उजनीचं पाणी चढत होतं आणि काठची गावं सामान बांधत होती. त्यातल्याच एका गावात दगडाबाई नावाच्या शेतकरणीच्या बांधावर एक झुडूप होतं. शेजारी शेतातला तीळ ताठ उभा. बांधाखाली रानतीळ जमिनीवर पसरलेला, चिरलेल्या पानांचा, जांभळ्या फुलांचा. हे झुडूप मात्र अर्धं उभं, अर्धं लवंडलेलं. फुलं भरघोस, पण बोंडं फोडली तर आत बी नाही.

नीलम्मानं त्याची फांदी आणून दाखवली, तेव्हा आमचे विभागप्रमुख आबासाहेब सर खूष झाले. ही नवीच जात आहे, आपण तिला नाव देऊ, म्हणाले. नावही वहीत लिहून टाकलं.

नीलम्मा चाचरत म्हणाली, "सर, बी धरत नाही तर ही जात आली कुठून? तीळ आणि रानतीळ, ह्या दोघांचं हे पोर असेल."

"असेल, म्हणून चालत नाही. दाखव."

दाखवणं सोपं नव्हतं. प्रत्येक पेशीत बारीक दोऱ्यांसारखी गुणसूत्रं असतात. फुलात पराग तयार होण्याआधी ती आपापला जोडीदार शोधून जवळ येतात. आईबाप एकाच जातीचे असले, तर सगळ्यांच्या जोड्या जुळतात. वेगळे असले, तर काही जण एकटेच भटकत राहतात. हा खेळ कळीत सकाळी अगदी थोडा वेळ चालतो. नीलम्मा पहिल्या एसटीनं गेली, पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. त्या कळ्यांमध्ये मी काहीच दाखवू शकलो नाही. पुढच्या वेळी ती दगडाबाईकडे वस्तीला राहिली. झुंजुमुंजू होताच झुडपाच्या, तिळाच्या आणि रानतिळाच्या कळ्या खुडून स्पिरिट आणि आम्लाच्या तीन बाटल्यांत टाकल्या. आत पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या. पाणी तेव्हा बांधापासून दहा पावलांवर होतं. तिनं झुडूपही मुळासकट बादलीत घालून आणलं, ते एसटीतच मान टाकून मोकळं झालं.

निघताना दगडाबाई तिला म्हणाली होती, "रान चाललं, घर चाललं. ह्ये कुणाचं हाय तेवढं सांग बाई. दोन सालं मी ह्याला खुरपं लावू दिलं न्हाय. सून हसती मला." नीलम्मानं शब्द दिला. तो शब्द तिला स्वस्थ बसू देत नव्हता, आणि तिच्यामुळे मलाही.

आता ऐका काय झालं. आमच्या प्रयोगशाळेत सिद्धाराम नावाचे सहायक दोनच महिन्यांपूर्वी लायब्ररीतून आले होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. विद्यापीठाची समिती येणार होती, नीलम्मा त्या दिवशी रजेवर होती. सिद्धारामनी कपाटं झाडली, बाटल्या पुसल्या. तीन बाटल्यांतल्या त्या मळक्या चिठ्ठ्या त्यांना बघवेनात. त्यांनी त्या काढून जाळल्या आणि तोच मजकूर पांढऱ्याशुभ्र कागदावर शाईनं लिहून आत सोडला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्यांत फिकट निळं पाणी होतं आणि तीन कोरे कागद. समितीला काही कळलं नाही. नीलम्मा मात्र स्टुलावर बसली ती बसलीच. त्याच दुपारी मोडनिंबचा एक विद्यार्थी सांगत आला, की दगडाबाईचा बांध पाण्याखाली गेला.

सिद्धाराम हळूच म्हणाले, "लायब्ररीत पेन्सिलीचं कच्चं धरतात, बाई. मी पक्कं करायला गेलो."

नीलम्मानं मान वर केली. "स्पिरिटात शाई विरघळते, अण्णा. मीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

बाटल्या फेकून द्या, असं आबासाहेबांनी सांगितलं. कुठली कळी कुणाची हेच माहीत नाही, तर त्यावरून काय सिद्ध करणार? त्यांचं चुकत नव्हतं. नीलम्मा दोन दिवस खोलीत येरझाऱ्या घालत होती. एकदा खोळ काढायची, परत घालायची. तिसऱ्या दिवशी ती एकदम थांबली. झुडूप गेलं, पण तीळ आणि रानतीळ तर अजून कुठंही मिळतात! त्यांच्या ताज्या कळ्या बघायच्या, गुणसूत्रं मोजायची. तीनपैकी दोन बाटल्या त्यांच्याशी जुळतील. उरेल ते झुडूप.

कळ्या आणायला सिद्धाराम स्वतः सायकल घेऊन उजाडायच्या आत शहराबाहेरच्या शेतांत गेले. खिशात पेन्सिल, तीही दोन.

मग माझी पाळी आली. लाल रंगात कळीचा कण, वर काच, त्यावर टिपकागद ठेवून अंगठ्याचा दाब. तीळ: तेरा जोड्या. रानतीळ: सोळा जोड्या. आता बाटल्या. पहिलीत सोळा जोड्या, दुसरीत तेरा. तिसरी काच माझ्यावर ठेवली. नळी सारखी घसरे. तिनं अंगठा टेकवला. थोड्याशा जोड्या, बाकी सगळी एकेकटी, विखुरलेली. ती मोजत होती, परत मोजत होती. एकोणतीस. आईबापाच्या प्रत्येक जोडीतलं एकेकच पोराला मिळतं: तेरा अधिक सोळा.

आबासाहेबांनी बराच वेळ माझ्यातून बघितलं. मग वही उघडून आपण योजलेलं नाव एका रेघेत खोडलं. "लिहायला घे," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर दगडाबाई आली. मोडनिंबजवळच्या नव्या वसाहतीतून एसटीनं, वहाणा हातात धरून. नीलम्मानं तिला माझ्यासमोर बसवलं. मी सवयीप्रमाणे घसरलो. सिद्धारामनी अंगठा लावला.

"काय दिसतंय, मावशी?"

"तांबड्या मुंग्या."

सगळे हसले. मग नीलम्मानं समजावलं, हे तेरा शेतातल्या तिळाचे, हे सोळा रानातल्याचे.

"म्हंजी दोनी घरचं हाय. आन आई कोन?"

"ते ह्यावरून नाही कळत."

"बरं हाय की. भांडान नको." ती पुन्हा वाकली. "आन ही एकटी कशापायी फिरत्यात?"

"त्यांना जोडीदार मिळत नाही. म्हणून तर बी धरत नाही."

दगडाबाईचा डोळा माझ्या काचेवरच होता. काच ओली झाली. "म्हंजी त्याची काय चूक न्हवती," ती म्हणाली.

सिद्धारामनी नवी चिठ्ठी लिहिली आणि तिला वाचून दाखवली: दगडाबाईच्या बांधावरचं. तीळ आणि रानतीळ, दोघांचं.

"शाईनं लिव्हा की. पेन्सिलीचं पुसतंय."

"ह्या बाटलीत हेच टिकतं, मावशी," सिद्धाराम म्हणाले, आणि चिठ्ठी आत सोडली.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. ती बाटली माझ्या शेजारीच आहे, अक्षर अजून वाचता येतं. तुमच्या बांधावर, कुंपणाशी कुणी असं अर्धं उभं, अर्धं लवंडलेलं दिसलं, तर खुरपं घालण्याआधी एकदा विचारा, तू कुणाचं. सांगायला त्याला वेळ लागेल. आणि माझ्याकडे आलात तर मला मोडका म्हणून ढकलू नका. मी अजून घसरतोच. डाव्या हाताचा अंगठा तेवढा टेकवून ठेवा.