दातांची खूण

"पुडकं तुमचंच आहे हो काकू, कोण नाही म्हणतंय? पण आधी सीमाशुल्क भरावं लागेल," कुरियरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिने कागद पुढे सरकवला.

काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला. आकडा काही लहान झाला नाही.

"आणि हे खाली काय लिहिलंय?"

"ते आमचं. सरकारी शुल्काची कामं आम्ही तुमच्या वतीने करतो ना, त्याचं."

"म्हणजे शुल्क भरायचं पण शुल्क?"

मुलगी हसली नाही. हा विनोद बिचारीला रोजच ऐकावा लागत असणार.

"वहिनी, तुम्ही थांबा, मी बोलतो," मागून भाऊजी म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडलात म्हणूनच तर आपण इथवर आलोय," काकू म्हणाल्या, आणि भाऊजी एक पाऊल मागे सरले. काकूंचे हे धाकटे दीर. मनाने सोन्यासारखा माणूस, पण हात लावील ते बिघडवून ठेवील.

झालं होतं ते असं. काकूंच्या यजमानांना जाऊन वर्ष होत आलं होतं. एका रविवारी भाऊजी घरी आले, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी ठेवलेला यजमानांचा पाइप त्यांनी पाहिला, आणि दादाची आठवण म्हणून दोन झुरके मारावेत असं त्यांच्या मनात आलं. मारले, खोकले, आणि मग पाइप गरम असतानाच साफ करायला म्हणून तोंडाकडची काळी नळी पिरगाळली. कट्‌कन आवाज झाला. नळी जिथे लाकडात शिरते तिथेच मोडली. काकू आतून धावत आल्या तेव्हा भाऊजी एका हातात लाकूड आणि एका हातात नळी घेऊन रडकुंडीला आले होते. काकू त्यांना एक अक्षर बोलल्या नाहीत, त्याचंच भाऊजींना जास्त लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाइप ज्या परदेशी कारखान्यात बनला होता तिथे दुरुस्तीला धाडून दिला. आणि धाडताना कागदावर 'दुरुस्तीसाठी' लिहायचं सोडून 'भेटवस्तू' असं लिहिलं. भेटीला शुल्क लागत नाही, हे त्यांना कुठल्या शहाण्याने सांगितलं होतं देव जाणे. आता तो पाइप इथून दुरुस्तीला गेला होता याची कुठे नोंदच नव्हती, आणि तो नवाकोरा विकत घेतल्यासारखा परत आला होता.

"वरच्या मजल्यावर कस्टमचे साहेब बसतात," मुलगी जरा हळू आवाजात म्हणाली. "जुनी वस्तू दुरुस्त होऊन आलीय असं पटवलंत तर माफ होईल बहुतेक. जाऊन तरी बघा."

जिना चढताना काकूंना हसू आलं. या पाइपपायी घरातले पैसे दुसऱ्यांदा शुल्कात जायची वेळ आली होती.

पहिल्यांदा तो आला तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. हे लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होते आणि काकू घरी पडदे शिवून द्यायच्या. अख्खी वस्ती पुढे त्यांना पडदेवाल्या काकू म्हणायला लागली, पण तेव्हा जुनं, कुरकुरणारं मशीन होतं आणि जाड कापड आलं की सुई मोडायची. दणकट मशीनसाठी दोघांनी पैसे साठवले होते. यांनी मात्र कुठल्याशा माहितीपत्रकात हा पाइप पाहिला आणि कुणाला न सांगता मागवून टाकला. पाइप तसा महाग नव्हता, पण वर शुल्क आणि कुरियर मिळून मशीनचे पैसे गेले. काकूंनी अबोला धरला. पुढे मशीन आलं, राग गेला, पण पाइपला त्या जन्मभर सवतच म्हणत राहिल्या. "माझी सवत खाली पडलीय, उचला," असं म्हणायच्या, आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे.

साहेब म्हणजे नाकाच्या शेंड्यावर चष्मा आलेला, दमलेला माणूस निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीय. पण वस्तू जुनी आहे हे मला दिसायला तर हवं?"

"दिसेल की," काकू म्हणाल्या. "पुडकं उघडा. नळीवर डाव्या बाजूला दातांची खूण आहे, वर आणि खाली, चांगली खोल. हे झोपायच्या वेळेपर्यंत तोंडातनं काढायचे नाहीत. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली तेव्हापासून नुसता रिकामाच चावत बसायचे."

साहेबाने चिकटपट्टी कापली. आतून पेटी निघाली, पेटीतून मऊ कापड, आणि कापडातून पाइप.

चकचकीत होता. लाकूड आरशासारखं घासलेलं, आतली काजळी खरवडून काढलेली, आणि नळी नवी. काकूंनी तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा उलटा फिरवला. कुठेच काही लागलं नाही. त्यांनी पाइप नाकाशी नेला, तर मेणाचा वास आला. यांचा वास, ज्या वासावरून त्यांनी जन्मभर कटकट केली, खिडक्या उघडल्या, पडद्यांच्या कापडाला लागतो म्हणून भांडण काढलं, तो वास पार धुऊन टाकला होता. माणूस गेला तेव्हा काकू धीराने वागल्या होत्या. इथे मात्र त्यांना यांची इतकी आठवण आली की पाइप त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

"नवाच दिसतोय हो," साहेब म्हणाला. त्यालाही ते बोलायला बरं वाटलं नसावं.

भाऊजी तोवर पेटी उलटीपालटी करत होते. त्यांच्या हाताला तळाशी कागदाची एक पुडी लागली. उघडली तर आत जुनी नळी. कारखान्यातल्या कुणी भल्या माणसाने ती फेकून न देता परत धाडली होती. डाव्या बाजूला वर आणि खाली दोन खोल खाचा.

"वहिनी!" भाऊजी ओरडलेच. "ही घ्या!"

साहेबाने नळी हातात घेतली, खाचा पाहिल्या, आणि त्याचा चेहरा खुलला. "झालं तर मग! हा तर उत्तम पुरावा. मी ही नळी फाईलला जोडतो, दुरुस्तीची वस्तू म्हणून शेरा मारतो. शुल्क माफ. पाइप घेऊन खुशाल घरी जा."

"नळी परत कधी मिळेल?" काकूंनी विचारलं.

"परत?" साहेब जरा गोंधळला. "फाईलला लागलेली वस्तू परत नाही मिळत, बाई. मोडकी तर आहे."

"फोटो काढून घ्या ना," भाऊजी म्हणाले.

"फोटोवर भागत असतं तर मीच काढला असता. मागे एकाला तसं सोडलं, तर तपासणीत माझ्याच अंगाशी आलं."

काकूंनी हात पुढे केला. "द्या ती इकडे. मी शुल्क भरते."

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला? मशीनला मोटर बसवायला साठवलेले पैसे आहेत ते!"

"माहितीय मला."

"अहो, पाइप तर मिळतोय फुकट! नळीचं काय घेऊन बसलात?"

"पाइपला काय करू, भाऊजी? त्यात हे कुठे राहिलेत?" काकूंनी हात तसाच पुढे धरला. "ही एवढीच उरलीय मला. मोटर काय, येईल पुढेमागे. तोवर पायाने चालवीन."

साहेबाने नळी पुन्हा पुडीत बांधली आणि दोन्ही हातांनी काकूंना दिली.

खाली मुलीने पैसे घेतले, पावती दिली. काकूंनी हुज्जत घातली नाही म्हणून तिने चमकून वर पाहिलं.

घरी आल्यावर भाऊजींनी चकचकीत पाइप खुर्चीपाशी नीट ठेवला आणि स्वतःला काहीतरी शिक्षा हवी म्हणून की काय, स्वयंपाकघरात शिरले. काकू मशीनपाशी बसल्या. अर्धा पडदा तसाच पडला होता. दुमड घालून टाचण्या लावायच्या होत्या.

टाचण्या लावताना काकू त्या ओठांत धरायच्या, सुरुवातीपासूनची सवय. आणि समोर खुर्चीत यांच्या तोंडात पाइप. म्हणजे संध्याकाळभर दोघांचीही तोंडं गुंतलेली. बोलायचं ते सगळं नाकातून, 'हूं'वर. दिवा लावू का, हूं. जेवायचं का, हूं. रागावलीस का, हूं. अख्खा संसार त्यावर झाला, आणि कुणाचं काही अडलं नाही. गेलं वर्षभर काकू टाचण्या तोंडात धरून शिवत होत्या, पण समोरून कुणी काही विचारत नव्हतं.

आज त्यांनी टाचण्यांची डबी बाजूला सारली आणि पुडी सोडली. नळी डाव्या बाजूने दातांत धरली. आधी ती घसरली. यांचे दात मोठे, जबडा रुंद. थोडी आत सरकवली, तेव्हा खालचा एक दात खाचेत बसला. जिभेला कडू लागलं. धुतलेली नव्हती ती कुणी. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"चहा टाकू का?" आतून भाऊजींनी हाक दिली.

"हूं," काकू म्हणाल्या, अगदी यांच्यासारखं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. बऱ्याच वेळाने नळ सुरू झाला.