कोकिळाच्या बाळाची नळी

मी कोकिळाच्या बाळाची नळी. लाल रबराची, करंगळीहून बारीक. मुंबईच्या एका कारखान्यात जन्मले आणि बुलढाण्याला आले, डॉक्टर उत्तमरावांच्या छोट्या दवाखान्यात. ताहेरा सिस्टर मला उकळून झाकणाच्या डब्यात ठेवायची. कुणाचा कफ ओढ, कुणाच्या पोटातलं विष काढ, असली माझी कामं. लोक मला पाहिलं की तोंड फिरवायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जानेफळचा शेतकरी निवृत्ती आणि त्याची बायको कोकिळा नुकतंच जन्मलेलं पोर लुगड्यात गुंडाळून एस.टी.ने आले.

"दूध पाजलं का नाकातोंडातून फेस येते," निवृत्ती म्हणाला, "आन् निळं पडते."

डॉक्टरांनी मला बाळाच्या घशात सोडलं. मी कितीतरी घशांतून खाली उतरले होते. इथे मात्र थोडं गेले आणि अडले. माझं टोक दुमडून परत तोंडात आलं. डॉक्टरांनी पुन्हा घातलं, पुन्हा तेच.

"अन्ननळी मध्येच बंद आहे, जन्मापासून," ते म्हणाले. "खालचा तुकडा श्वासनळीला जोडलेला असावा. मुंबईला याचं ऑपरेशन करतात. तिथेही वाचणारी थोडीच."

"मंग आमी आत्ताच निघतो."

डॉक्टरांनी बाळाच्या उशाशी उभ्या असलेल्या प्राणवायूच्या टाकीवर हात ठेवला. "ही काढली तर हे बाळ मलकापूरचं रेल्वे स्टेशनसुद्धा गाठणार नाही."

कोकिळाची चोळी दुधाने भिजली होती. "मंग त्याले असंच उपाशी ठेवाचं काय?"

"पोटाला भोक पाडून नळीने दूध देता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण तेच दूध वर चढून फुफ्फुसात जायची भीती आहे. नाही दिलं तर उपासाने जाईल. मी तुम्हाला फसवत नाही."

कोकिळा म्हणाली, "पाजा."

कातडी बधिर करून डॉक्टरांनी तळहाताएवढ्या पोटावर चीर दिली. ताहेराने बाळाचे पाय धरले होते. मला आत बसवलं आणि दोऱ्याने टाचलं.

मग कोकिळाने वाटीत दूध काढलं. ताहेराने ते थेंबाथेंबाने माझ्यात सोडलं. ते कोमट होतं. मी ते पोटात पोचवलं. बाळाची आवळलेली मूठ सैल झाली आणि त्याला झोप लागली.

"पोचलं काय हो, सिस्टर?"

"हाव, पोचलं. देख, कैसा सोया है."

कोकिळा हसली. निवृत्ती बाहेर जाऊन चहा प्याला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

उन्हं कलायला लागली तशी बाळाची छाती घरघरू लागली. डॉक्टर म्हणाले होते त्याच वाटेने दूध वर चढलं होतं. त्यांनी माझं तोंड मोकळं करून पोटातलं दूध काढून घेतलं, टाकीचा जोर वाढवला. नखं निळी झाली, मग ओठ. दिवस मावळायच्या आत सगळं थांबलं.

ताहेरा टाके कापून मला काढायला लागली, तेव्हा कोकिळाने तिचा हात धरला. "राहू द्या ते. त्याच्या जेवाचं हाये."

डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. अशी मी जानेफळला आले, बाळासोबत पुरली गेले, शेताच्या बांधावरच्या हिवराच्या झाडाखाली.

त्याला बरीच वर्षं झाली. त्याची कोवळी हाडं लवकरच माती झाली. रबराची माती होत नाही. मी कडक झाले, तडकले, पण आहे.

कोकिळा पेरणीच्या दिवसांत इथे येऊन बसायची. एकदा तिने निवृत्तीला विचारलं, "माह्या दुधानंच गेलं काय जी ते?"

निवृत्तीने हातातलं ढेकूळ चुरलं. मग म्हणाला, "चाल, ऊन झालं."

त्यानंतर ती आली नाही.

शेत निंदणाऱ्या बायांनो, कधी बांध फुटला आणि मी वर आले, तर कचरा म्हणून फेकू नका. त्या पोराचं म्हणून एवढंच उरलं आहे. मला पुन्हा मातीत लोटा. आणि कोकिळा जवळपास असेल, तर तिला दाखवू नका.