वॉकआउटचं जेवण

बजेटच्या दिवशी सत्यशीला मेश्राम बाराच्या आत घरी जेवायला असायची. नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, ती विरोधी पक्षाची नेता, आणि विरोधी पक्षानं बजेटच्या दिवशी काय करायचं ते शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. अकराला सभा, सव्वाअकराला घोषणा, साडेअकराला बजेटची प्रत फाडून वॉकआउट. फोटोवाले खूश, आणि सत्ताधारी त्याहून खूश, कारण मागे हुज्जत घालायला कोणी उरतच नसे. चार वर्षं हेच चाललं होतं.

घरी तिचे बाबा, लहानूजी, वाट पाहत असत. चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, काढलेला माणूस, आणि पक्षाचं काम त्याहून जुनं. रिटायर झाल्यावर त्यांनी रिसाली भागात दोन खोल्या बांधल्या, बायको गेल्यावर स्वयंपाकही हाती घेतला. वॉकआउटच्या दिवशी ते झुणका-भाकर करत, लेकीला वाढत आणि एक शब्द न बोलता जेवत. बाबांचा ऊर अभिमानानं भरून आलाय, असं सत्यशीला धरून चालायची.

यंदा मात्र पंचाईत झाली. बजेटमध्ये कालव्यापलीकडच्या नहरपार बस्तीची पाण्याची पाइपलाइन आली. बस्तीतल्या बाया रोज टँकरच्या मागे धावत. डबे उचलून उचलून मैनाबाईची तर कंबर गेली होती. निवडणुकीत तिच्याच ओट्यावर बसून सत्यशीलानं शब्द दिला होता, की नळ आणल्याशिवाय पुन्हा मत मागायला येणार नाही. चार वर्षं घसा कोरडा करून मागितलं तेव्हा महापौर गीतांजलीबाईंना ऐकू आलं नाही. आणि आता आलं ते नेमकं अशा वेळी, की त्यांचेच काही नगरसेवक रुसून घरी बसले होते. विरोधक उठून गेले तर सभेचा कोरम एका माणसानं कमी पडणार होता, आणि बजेट लटकलं की पाइपलाइनही लटकणार होती.

पक्षाचे जिल्हाध्यक्ष चंपतभाऊ यांना तर गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी फोन करून बजावलं, की दरवर्षीसारखा वॉकआउट करा, बाई आपोआप तोंडावर आपटते. पाइपलाइनचं काय, असं सत्यशीलानं विचारलं. आपली सत्ता आली की आपण टाकू, म्हणाले. सत्ता कधी यायची आणि मैनाबाईनं तोवर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

साडेअकराला सगळं नेहमीसारखं सुरू झालं. तिची माणसं घोषणा देत उठली, प्रती टराटरा फाटल्या. सत्यशीलाही उठली. प्रत दोन्ही हातांत धरली आणि हातच चालेनात. मैनाबाईचा ओटा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. ती खाली बसली. तिची जोडीदारीण नगरसेविका सुनिता दारातून दोनदा हाक मारून निघून गेली.

बसलीच आहे तर गप्प कशाला बसायचं, म्हणून तिनं बजेट पानापानानं वाचायला घेतलं. दिव्यांवरून भांडली, नाल्यांवरून भांडली, दोन आकडे तर गीतांजलीबाईंना दुरुस्त करायला लावले. एवढा विरोध तिनं चार वर्षांत मिळून केला नव्हता. शेवटी ती म्हणाली, की माझा या सरकारला विरोध आहे तो राहणारच, पण नहरपारचं पाणी मी अडवणार नाही. तिनं हात वर केला आणि बजेट पास झालं.

बाहेर येते तोच चंपतभाऊंचा फोन. पद गेलं. उद्यापासून नेता दुसरा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिलाच नवल वाटलं, डोक्यावरून भरला हंडा उतरवल्यासारखं हलकं वाटत होतं. पण स्कूटी रिसालीकडे वळली तसा तिनं वेग कमी केला. चंपतभाऊंचं काय, ते आज आहेत उद्या नाहीत. बाबांनी तोंड फिरवलं तर कुठे जायचं?

घरी पोचायला साडेचार वाजले. लहानूजी झाकल्या ताटांपुढे बसून होते. जेवले नव्हते. भाकरी वाळून कडक झाली होती. सत्यशीला दारातच उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

"बाबा, मी वॉकआउट नाई केला. त्यायच्या बजेटले मत देल्लं. माहं पद गेलं."

लहानूजींनी ताटावरची झाकणी काढली.

"कोक ओव्हनवर पुढच्या पाळीचा मानूस आल्याबिगर कोनी जागा सोडत नोता," ते म्हणाले. "एकदा सोळा तास उभा होतो मी. अन् माही पोरगी दरसाल बारा वाजताच घरी."

चार वर्षं सत्यशीला ज्याला अभिमान समजत होती, ती बाबांची नाराजी होती.

"मंग बोलले कावून नाई?"

"तू लय खुशीत जेवत होती."

ती ताटापुढे येऊन बसली. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. लहानूजींनी कांदा फोडून तिच्या ताटात ठेवला.

"हात धू," ते म्हणाले. "आज पूरी शिफ्ट करून आली."