भररस्त्यातला घोडा

मित्रांनो, घाबरू नका. मी घोडा आहे खरा, पण लाथ मारत नाही, खिंकाळत नाही आणि चार पाय असूनही आजवर स्वतःहून एक पाऊल टाकलेलं नाही. जुन्या बुटांच्या दुकानात तुम्ही एक बुटकी लाकडी बैठक पाहिली असेल. तिला पुढच्या बाजूला उतरती फळी असते. दुकानदार बैठकीवर दोन्हीकडे पाय टाकून बसतो, गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसून फळीवर पाय ठेवतं आणि मग बूट चढवले जातात. आमच्या दुकानात या बैठकीला घोडा म्हणतात. तोच मी.

दुकानाच्या दाराची चौकट बसवून झाली तेव्हा थोडं लाकूड उरलं. त्यातून सुताराने मला घडवलं. थोरल्या मालकांच्या हाती देताना तो म्हणाला, "चौकट आणि हा एकाच झाडाचे. दुकान आहे तोवर याला मरण नाही." हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढे त्याचा उलटा अर्थ माझ्या जिवावर येईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

थोरल्या मालकांची एक रीत होती. बूट पायात चढवले की ते लगेच पैसे घेत नसत. गिऱ्हाइकाला दाराबाहेर काढत आणि रस्त्याच्या पलीकडे, जरा वरच्या अंगाला असलेलं घड्याळाचं दुकान दाखवत. "त्या दाराला हात लावून या. चावले तर बूट परत, नाही चावले तर पैसे द्या." याला आमच्याकडे फेरी म्हणत. एकदा एक इसम फेरीला गेला तो आलाच नाही. दुकानात हलकल्लोळ झाला. थोरले मालक मात्र शांतपणे म्हणाले, "पळता येतंय म्हणजे चावत नाहीत."

त्या काळी मी दिवसभर पाय पाहायचो. सपाट पाय, उंच कमानीचे पाय, अंगठा बाजूला झुकलेले पाय. लोक तोंडाने खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत. फेरीहून परतणारं पाऊल दाराशी वाजलं की बूट विकला गेला की नाही, ते मला आधी कळायचं.

मग रस्त्यावर गाड्या वाढल्या. आधी त्या नुसत्या जायच्या, नंतर थांबू लागल्या. त्या थांबाव्यात म्हणून पदपथ कापला गेला आणि गाड्यांची नाकं आमच्या उंबऱ्याला टेकली. काचेतले पांढरे बूट दुपारपर्यंत राखाडी दिसू लागले. एके दिवशी एक शिक्षिका नव्या बुटांत फेरीला निघाल्या. एका गाडीच्या आरशाने त्यांचं कोपर सोलवटून काढलं. त्या परतल्या तेव्हा एक बूट रस्त्यातच राहिला होता. थोरल्या मालकांनी त्यांना पाणी दिलं, स्वतः जाऊन तो बूट आणला आणि म्हणाले, "आजपासून फेरी आरशापर्यंतच."

माझ्यापासून भिंतीवरच्या आरशापर्यंत चार पावलं टाकली की संपलं. चार पावलांत कुठला बूट चावतो?

थोरले मालक गेल्यावर त्यांचा मुलगा गादीवर आला. हे आमचे मालक. माणूस कष्टाळू, पण डोक्यात राख फार लवकर घालणारा. त्यांनी गिऱ्हाइकांसाठी दुकानातच सोफा बनवून घेतला आणि मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्या पाठीवर खोकी रचली गेली. मागचा एक पाय झिजून आखूड झाला होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. विकलेले बूट आता सारखे परत यायचे. मालक कारखान्याला शिव्या घालायचे. जवळच्या दवाखान्यातली एक परिचारिका तर दर काही महिन्यांनी येऊन भांडायची.

"तुमचे बूट दुकानात चावत नाहीत हो, वॉर्डात चावतात!"

"मग वॉर्ड काय मी दुकानात आणून ठेवू?" मालक म्हणायचे.

गल्ला सांभाळायला मालकीणबाई बसत. त्या हळूच बूट बदलून द्यायच्या आणि नवरा दुसरीकडे बघत असतानाच द्यायच्या.

असेच दिवस चालले असताना पालिकेच्या इंजिनिअरबाई दुकानात आल्या. सोमवारपासून पंधरवडाभर हा रस्ता गाड्यांना बंद राहील, फक्त चालणाऱ्यांसाठी खुला राहील, असं त्यांनी सांगितलं. प्रयोग यशस्वी झाला तर कायमचा.

"प्रयोग उंदरांवर करतात बाई, दुकानदारांवर नाही," मालक म्हणाले. "आमचं गिऱ्हाईक गाडीतून येतं. रस्ता बंद म्हणजे दुकान बंद."

बाई गेल्यावर मालकांनी काचेतल्या बुटांवरची धूळ पुसली. मग मालकीणबाईंना म्हणाले, "तसं झालंच, तर दुकान विकून टाकू. तुझ्या भावाच्या गोदामात काम बघतो."

"माझ्या भावाकडे? तो तुम्हाला जोडे काढून दारात उभं करेल."

"मग दुसरा मार्ग सांग."

मालकीणबाईंनी गल्ल्याला कुलूप लावलं. मित्रांनो, कोपऱ्यात खोक्यांखाली मला सुताराचं वाक्य आठवलं. दुकान आहे तोवर मरण नाही. आणि दुकान नसलं तर?

त्या आठवड्यात आमच्याच दुकानात दुकानदार संघाची बैठक झाली. मालक संघाचे अध्यक्ष होते. त्यांनी एक बेत मांडला. शनिवारी, ऐन गर्दीच्या दिवशी, सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या घेऊन रस्त्यात ठिय्या द्यायचा. एक गाडी जाऊ द्यायची नाही. दुकानं मात्र उघडी ठेवायची, म्हणजे गाड्या थांबल्या की बाजार कसा ओस पडतो ते पालिकेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. टाळ्यांचा कडकडाट झाला.

गल्ल्यावरून आवाज आला, "म्हणजे रस्ता बंद होऊ नये म्हणून आपण रस्ता बंद करायचा?"

"याला आंदोलन म्हणतात. तुला नाही कळायचं."

"बरं बाई," मालकीणबाई म्हणाल्या.

शनिवार उजाडला. सगळ्यांनी खुर्च्या नेल्या. आमच्या दुकानातला सोफा दाराच्या चौकटीतून निघेना. मालक घाईत ओरडले, "राहू दे तो! घोडा दे इकडे, घोडा!"

नाक्यावर वाहतूक पोलीस उभा होता. तो म्हणाला, "गाड्या अडवल्यात, आता घोडे सोडणार का?"

अशा रीतीने मी रस्त्याच्या मधोमध आलो. खोकी पाठीवरून उतरली होती आणि तिथे पुन्हा एकदा माणूस बसला होता. मालकांच्या दंडाला काळी फीत होती, खिशात चार पानी निवेदन होतं. दोन्ही टोकांना खुर्च्यांची रांग लागली. शेवटची गाडी मागे वळून निघून गेली आणि रस्त्यावर एक विचित्र गोष्ट झाली. घड्याळाच्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजली आणि ती आम्हाला ऐकू आली. घड्याळवाले काका स्वतःच दचकून दारात आले.

सुरुवातीला सगळं मालकांच्या मनासारखं होत होतं. रस्ता खरोखर ओस होता. गंमत अशी, की लोक कडेला येऊन थांबत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत आणि रिकामा रस्ता ओलांडायला घाबरत. इतकी वर्षं जीव मुठीत धरून चालायची सवय, ती अशी एका सकाळी कशी जाणार? मग एक आजोबा काठी टेकत खाली उतरले. मध्यावर पोहोचल्यावर थांबले, आकाशाकडे बघितलं आणि तिथेच उभे राहिले. त्यांना कुणी हॉर्न दिला नाही. ते बघून दुसरे उतरले. मग बघता बघता रस्ता माणसांनी भरला.

तेवढ्यात रात्रपाळी संपवून परिचारिका आली. मालकांना भररस्त्यात बसलेलं बघून म्हणाली, "काय हो, शेवटी रस्त्यावर आलातच!"

"आंदोलन आहे," मालक घुश्शात म्हणाले.

"करा करा. मी जरा बसते. पाय म्हणजे नुसते दगड झालेत." समोरच्या रिकाम्या खुर्चीत ती धपकन बसली आणि तिचा पाय आपोआप माझ्या उतरत्या फळीवर आला.

मित्रांनो, हाताची सवय मेंदूला विचारत नाही. मालकांनी तिच्या बुटाची नाडी सोडली, टाच तळहातावर तोलली, अंगठ्याने चवडा दाबून पाहिला.

"हे आमचेच बूट?"

"तुमचेच. म्हणून तर दुखतंय."

मालक काही क्षण त्या पायाकडे बघत राहिले. मग दुकानाकडे तोंड करून ओरडले, "अगं, रुंद चवड्याचा सहा नंबर आण!"

मालकीणबाई खोकं घेऊन आल्या. बूट चढले. परिचारिका उभी राहिली आणि सवयीने आरसा शोधू लागली. रस्त्यात आरसा कुठला? मालकांची नजर वर गेली. पलीकडे, वरच्या अंगाला, घड्याळाचं दुकान होतं. मध्ये एकही गाडी नव्हती. कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून न निघालेले शब्द निघाले, आणि आवाज थेट थोरल्या मालकांचा वाटला.

"त्या दाराला हात लावून या. चावले तर बूट परत."

ती गेली आणि आली. "डावी टाच चावते." दुसरा जोड. पुन्हा गेली, पुन्हा आली. "करंगळी दाबते." तिसरा जोड. या वेळी ती घड्याळाच्या दुकानापाशी थांबलीच नाही, तशीच पुढे वळणाआड गेली. मालक उभे राहिले. लोकही मान उंचावून बघू लागले. मी मात्र निश्चिंत होतो. पळता येतंय म्हणजे चावत नाहीत.

ती परतली तेव्हा चेहऱ्यावरचा रात्रपाळीचा शीण अर्धा उतरला होता. "वॉर्डभर फिरून आल्यासारखं चालले," ती म्हणाली. "हे भांडायला आणत नाही परत."

बघे हसले. त्यातला एकजण खुर्चीत येऊन बसला. त्याच्यामागे दुसरी उभी राहिली. त्यानंतर काय झालं ते मी खालून पाहिलं, त्यामुळे मला फक्त पाय दिसले. पण इतके पाय मी थोरल्या मालकांच्या काळातही पाहिले नव्हते. फर्निचरवाले हे संघाचे चिटणीस. ते घोषणा देत होते, "रस्ता खुला राहिलाच पाहिजे!" त्यावर मालकांनी ओरडायचं ठरलं होतं. पण त्यांच्या तोंडात नाडीचं टोक धरलेलं होतं.

"घोषणा नंतर द्या हो," मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "इथे सात नंबर संपत आलाय!"

दुपारी घड्याळवाले काका आले. आमचे मालक आणि ते शाळासोबती. पण मध्ये रस्ता असल्यामुळे इतकी वर्षं लांबून हात हलवण्यापलीकडे मैत्री गेली नव्हती. काका म्हणाले, "तुझं गिऱ्हाईक माझ्या दाराला हात लावून जातंय. त्यातल्या निम्म्यांनी आत येऊन घड्याळाचे पट्टे घेतले. मी तक्रार करायला आलो नाही, अजून पाठव म्हणायला आलोय." बाजारात एकही दुकान ओस नव्हतं. अध्यक्षांनी सगळ्यांना दाखवायचं म्हटलं होतं, ते अगदी चोख दिसत होतं. फक्त उलटं.

संध्याकाळी इंजिनिअरबाई निवेदन स्वीकारायला आल्या. गर्दीतून वाट काढता काढता त्यांना मालकांपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला.

"निवेदन?" त्यांनी विचारलं.

मालकांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा.

"ते होय?" मालकीणबाई म्हणाल्या. "मघाशी खोक्यावर ठेवलं होतंत ना? मुख्याध्यापकांचा बूट अर्धा नंबर मोठा होत होता, चवड्यात कोंबलं. गेलं ते त्यांच्याबरोबर चालत."

बाईंनी हसू दाबायला ओठ घट्ट मिटून घेतले. "मग तोंडीच सांगा."

सगळा बाजार भोवती गोळा झाला. मालक माझ्यावर उभे राहिले. माझा आखूड पाय डगमगला, तेव्हा घड्याळवाल्या काकांनी वाकून मला धरलं. माझं, दुकानाचं आणि त्या चौकटीचं भवितव्य आता मालकांच्या तोंडी होतं. त्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. दंडावरची फीत सोडली आणि खिशात घातली.

"बाई, सोमवार कशाला?" ते म्हणाले. "तुमचे अडथळे आत्ताच लावा. आम्ही उठलोच नाही असं समजा."

असा जल्लोष झाला, की घड्याळं पुन्हा वाजली असतील तरी कुणाला ऐकू आली नाहीत. फर्निचरवाले तेवढे ओरडत होते, "आणि माझी कपाटं काय लोकांनी पाठीवर न्यायची?" प्रश्न रास्त होता. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या तो सोडवला. सकाळी बाजार उघडण्याआधी मालाच्या गाड्यांना मुभा मिळाली, आणि रुग्णवाहिकेला तर कधीही.

पंधरवडा संपला, पण रस्ता पुन्हा उघडा म्हणायला कुणी गेलं नाही. आता दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवले आहेत. पदपथाची गरजच उरली नाही, कारण सगळा रस्ताच पदपथ झाला. काचेतले पांढरे बूट संध्याकाळीही पांढरे असतात. सोफा विकला गेला. त्यासाठी दाराची चौकट काढावी लागेल म्हणत होते, पण मालकांनी सोफ्याचेच पाय कापले. चौकटीला हात लावू दिला नाही.

आणि मी? रोज सकाळी मालक मला बाहेर आणतात. एकदा त्यांनी मला उलटा केला, पायाखालचा पुठ्ठा फेकून दिला आणि आखूड पायाला रबरी टाच ठोकली. तीच, जी ते गिऱ्हाइकांच्या बुटांना लावतात. मालकीणबाई म्हणाल्या, "चला, घोड्याला नाल लागली एकदाची."

मित्रांनो, जुन्या वस्तूचा पाय डगमगला म्हणून ती टाकून देऊ नका, आधी एक टाच ठोकून बघा. तुमच्या गावातही एखादा रस्ता कोपऱ्यात सरकवलेल्या घोड्यासारखा असेल, पाठीवर ओझी घेऊन मुकाट पडलेला. त्याच्यावरचं ओझं एक दिवस उतरवून बघा. आणि कधी आमच्या बाजारात आलात तर माझ्या फळीवर खुशाल पाय ठेवा. पैशांची घाई नाही. आधी त्या घड्याळाच्या दुकानाला हात लावून या. मी इथेच, भररस्त्यात, तुमच्या पावलांचा आवाज ऐकत उभा आहे.