शाळिग्रामाचे सोयरे

नरडाण्यात तुळशीच्या लग्नाचे वरपिते म्हणजे रुपचंदनाना. गंडकीकाठचा अस्सल शाळिग्राम गावात त्यांच्याच देव्हाऱ्यात होता. वधूपक्ष दरसाल कौतिकभाऊ आणि सुगंधाबाईंचा. पोटी लेक नाही, म्हणून कन्यादानाची हौस तुळशीवर भागवायची. नानांनी ही नस बरोबर धरलेली. पहिल्या साली उपरण्यावर राजी झाले, मग धोतरजोडीवर आले आणि सन छत्तीसला निरोप धाडला: जरीचा फेटा नसेल तर नवरदेव उंबरा ओलांडणार नाही. जणू एरवी तो स्वतःच्या पायांनी चालत येत होता!

फेटा आला. उसाचा मांडव सजला. कौतिकभाऊंचा भाचा अभिमन पुण्याला कॉलेजात शास्त्र शिकायचा. त्यानं पाटावरचा शाळिग्राम निरखला. फुटक्या बाजूनं आतली वेटोळी दिसत होती, एडक्याच्या शिंगासारखी.

"मामी, हा समुद्रातल्या प्राण्याचा शंख. हिमालय झाला नव्हता तेव्हाचा. याच्या गोतातलं एक पिल्लूसुद्धा आज जगात उरलेलं नाही."

"देव शे तो!" नाना गुरकावले. "तुना मास्तरले काय कळस?"

सुगंधाबाईंचं लक्ष भलतीकडेच. "म्हंजे सासू नही?"

"नाही."

"नणंद, जाऊ?"

"कोणीच नाही, मामी."

"मंग सोनानं स्थळ शे हाई!" त्यांनी फेट्याचं ताट उचललं. "पण सासरा बी गया ना बठ्ठास्ना संगे. फेटा कोणले बांधू?"

बाया फिदीफिदी हसल्या. नानांना वाटलं, शाळिग्राम उचलून घरी जावं, तर भटजींची नजर कौतिकभाऊंच्या कोनाड्यातल्या बाळकृष्णाकडे वळलेली. त्याच्यावरही लग्न लागलं असतं, आणि पुढच्या सालापासून नाना नुसते जेवणारे पाहुणे. ताट परत आत जायला घराच्या उंबऱ्याशी पोचलं.

"थांबा, विहीणबाई!" नाना ओरडले. "कोणी नही कसं? मी शे ना त्याना गोतमा!"

"तुम्ही? त्या मरेल शंखना गोतमा?"

"हो, शे! मी शे, मनी बायको, पोरं, मनं बठ्ठं घर शे!"

सुगंधाबाईंनी ताट पुढे केलं. कौतिकभाऊंनी फेटा बांधला, वर तुरा काढला. तेवढ्यात नानांच्या पत्नी भिकुबाई नातवाला कडेवर घेऊन उठल्या.

"मना चार पोरं जित्ता शेतस," त्या म्हणाल्या. "तुमले निर्वंश व्हवानं व्हई ते एकला व्हा."

चारी पोरं, सुना, नातवंडं त्यांच्यामागं निघाली. मंगलाष्टकांना वरपक्षाकडून दोघंच उरले, दगड आणि नाना. फेटा मात्र जरीचा होता.